‘कोलोकोल’ पत्राचा उदयास्त

१. प्रास्ताविक.— इ. स. १८५७ च्या जुलै महिन्याच्या १ ल्या तारखेस लंडन शहरांतील एका लहानशा छापखान्यांतून थोड्या पानांचें एक रशियन पत्र बाहेर पडलें. त्याचें नांव ‘कोलोकोल’, म्हणजे घंटा. त्यापूर्वीं अवघे अठरा दिवस, १३ जून रोजीं, कलकत्त्यास गव्हर्नर-जनरल कॅनिंग यानें हिंदुस्थानांतील प्रत्येक छापखान्यास सरकारी परवाना घेणें भाग पाडणारा कायदा केला होता. ज्या राष्ट्राच्या अधिकाऱ्यांनीं येथें छापखान्याच्या तोंडास कुलूप घातलें, त्याच राष्ट्राच्या राजधानींत दुसऱ्या एका साम्राज्याच्या प्रजाजनास आपल्या झारविरुद्ध निर्धास्तपणें छापतां येत होतें. हा योगायोग सोडून दिला तरी ‘कोलोकोल’चा वृत्तांत इतिहासाच्या अभ्यासकानें पाहण्याजोगा आहे. रशियन भाषेंत सरकारच्या परवानगीवांचून नियमितपणें निघालेलें आणि खुद्द रशियांत दूरवर वाचलें गेलेलें हें पहिलें वृत्तपत्र होय.

या पत्राचें आयुष्य दहा वर्षांचें. त्यांपैकीं पहिलीं पांच वर्षें चढतीचीं, पुढचीं उतरतीचीं. उतारही असा एकाएकीं झाला कीं, ज्या पत्राच्या दोन अडीच हजार प्रती खपत त्याच्या वर्षाअखेर पांचशें खपूं लागल्या. याचें कारण सामान्यतः एकच सांगण्यांत येतें: १८६३ सालीं पोलंडांत बंड झालें, पत्रानें बंडवाल्यांचा पक्ष घेतला, आणि रशियन वाचक रुष्ट झाला. हें कारण खरें आहे. परंतु तें एकटें पुरेसें नाहीं, असें घटनांचा क्रम लावून पाहिला असतां दिसून येतें. तो क्रम लावणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

तारखांविषयीं एक सूचना अवश्य आहे. त्या काळीं रशियांतील पंचांग युरोपांतील पंचांगाच्या बारा दिवस मागें असे. घोटाळा होऊं नये म्हणून येथें सर्वत्र युरोपीय तारखा दिल्या आहेत.

२. संपादकाचें पूर्ववृत्त.— पत्राचा कर्ता अलेक्झांडर इवानोविच हर्झेन हा १८१२ सालीं मॉस्को येथें जन्मला. बाप इवान याकोव्लेव्ह हा मोठा जमीनदार; आई लुइझा हाग ही जर्मनींतील स्टुटगार्टची. त्यांचा विवाह रीतसर झालेला नसल्यामुळें मुलास बापाचें कुलनाम मिळालें नाहीं. ‘हृदय’ या अर्थाच्या जर्मन शब्दावरून बापानें त्यास हर्झेन हें नवें नांव दिलें. लेखनांत तो ‘इस्कंदर’ अशी सही करी. अलेक्झांडर या नांवाचें हें पूर्वेकडील रूप आपल्या वाचकांस परिचितच आहे.

त्याच्या बालपणींची मोठी घटना म्हणजे १८२५ च्या डिसेंबरांतील सरदारपुत्रांचें बंड. झार पहिला निकोलस गादीवर बसतांना राज्यघटना मागणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांनीं सेंट पीटर्सबर्ग येथें उठाव केला. तो मोडला गेला व १८२६ सालीं पांच पुढाऱ्यांस फांशीं देण्यांत आलें. हर्झेन व त्याचा बालमित्र निकोलाय ओगार्योव्ह या दोन मुलांनीं मॉस्कोबाहेरच्या टेकडीवर उभे राहून त्यांचें कार्य पुढें चालविण्याची शपथ घेतली. पोरवयांतल्या अशा शपथा बहुधा विरून जातात. ही मात्र जन्मभर टिकली.

१८३४ सालीं हर्झेनला अटक झाली आणि पेर्म, व्यात्का व व्लादिमीर या ठिकाणीं त्याला हद्दपारींत दिवस काढावे लागले. १८४१ मध्यें पुनः नोव्गोरोद येथें रवानगी झाली. या हद्दपारीचा एक अनपेक्षित उपयोग झाला. व्यात्का येथें त्यास सरकारी कचेरींतच काम करावें लागलें. तेथें त्यानें प्रांताधिकाऱ्यांची मनमानी, लांच आणि खोटीं दफ्तरें जवळून पाहिलीं. पुढें अशाच अधिकाऱ्यांच्या कागाळ्या लंडनास येऊं लागल्या तेव्हां त्यांतील खरें कोणतें व रचलेलें कोणतें हें ओळखण्याची दृष्टि त्यास येथेंच आली असावी.

१८४६ त बाप वारला. १८४७ च्या आरंभीं हर्झेन कुटुंबासह देश सोडून गेला तो परत आला नाहीं. १८५० सालीं झारचा परत येण्याचा हुकूम त्यानें नाकारला. सरकारनें त्याच्या व त्याच्या आईच्या पैशावर टांच आणली. परंतु पॅरिसचा सावकार जेम्स रॉथशिल्ड यानें मध्यें पडून ती रक्कम सोडविली. रशियन सरकारला त्या वेळीं कर्ज हवें होतें, आणि रॉथशिल्डला दुखविणें झारला परवडणारें नव्हतें. ‘कोलोकोल’ पुढें कोणाच्याही वर्गणीवर किंवा आश्रयावर अवलंबून राहिलें नाहीं त्याचें मूळ या व्यवहारांत आहे. भूदासांच्या श्रमांवर उभी राहिलेली दौलत भूदासपद्धति मोडण्यासाठीं खर्ची पडली, हेंही ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

३. छापखाना.— १८५१ त जहाज बुडून हर्झेनची आई व धाकटा मुलगा मरण पावले. १८५२ त पत्नी वारली. अशा स्थितींत तो ऑगस्ट १८५२ मध्यें लंडनास आला. दुसऱ्याच वर्षीं त्यानें ‘स्वतंत्र रशियन छापखाना’ काढला. या कामीं त्यास मदत झाली ती लंडनांतील पोलिश निर्वासितांची. त्यांचा पुढारी स्तानिस्लाव्ह वोर्त्सेल यानें हा बेत मनावर घेतला. छापखान्याची देखरेख लुडविक चेर्न्येत्स्की या पोलिश गृहस्थाकडे आली. आणि छापील कागद सरहद्दीपार नेण्याच्या वाटाही आरंभीं पोलिश लोकांनींच दाखविल्या. पुढील हकीकत समजण्यास हें ऋण लक्षांत असणें आवश्यक आहे.

१८५३ च्या जून महिन्यांत पहिलें पत्रक निघालें. तें रशियन सरदारवर्गास उद्देशून होतें: आपल्या भूदासांस तुम्ही आपण होऊन मुक्त करा, नाहीं तर झार तरी करील किंवा ते स्वतः कुऱ्हाड उचलतील, असा त्याचा आशय. जमीनदारांच्या मालकीचे सुमारें सव्वादोन कोटी जीव त्या वेळीं रशियांत होते. मालक त्यांस विकूं शके, फटके मारूं शके, सैन्यांत धाडूं शके. वेठीचे दिवसही तोच ठरवी.

या हांकेस दोन वर्षें कोणीही ओ दिली नाहीं. याचें कारण निकोलसचा वचक. १८४८ च्या युरोपांतील राज्यक्रांत्यांनंतर त्यानें ग्रंथपरीक्षकांवरही नजर ठेवणारी एक गुप्त समिति नेमली होती. छापून गेलेल्या मजकुराबद्दल लेखकासच नव्हे, तर मंजुरी देणाऱ्या परीक्षकासही शिक्षा होई. मॉस्कोचा विख्यात नट मिखाईल श्चेप्किन हा १८५३ त मुद्दाम लंडनास येऊन हर्झेनला भेटला. श्चेप्किन स्वतः भूदास म्हणून जन्मलेला. तरी छापखाना बंद कर, तुझ्या एका पानापायीं मागें राहिलेले मित्र धरले जातील, अशी त्यानें विनवणी केली. हर्झेननें ऐकलें नाहीं. श्चेप्किनचें भय निराधार नव्हतें, हें नऊ वर्षांनीं दिसून आलें.

४. पत्राचा आरंभ.— २ मार्च १८५५ रोजीं क्रिमियाचें युद्ध चालूं असतां निकोलस मरण पावला. नवा झार दुसरा अलेक्झांडर याच्याविषयीं लोकांस आशा वाटूं लागली, आणि जिभा हळूहळू मोकळ्या झाल्या. हर्झेननें त्याच वर्षीं ‘ध्रुवतारा’ या अर्थाचें नियतकालिक पुस्तक काढलें. हें नांव १८२६ सालीं फांशीं गेलेल्या कवि रिलेयेव्ह याच्या जुन्या संग्रहाचें होतें, व मुखपृष्ठावर त्या पांचही जणांच्या मुद्रा कोरल्या होत्या. १८५६ च्या एप्रिलांत ओगार्योव्ह लंडनास येऊन मिळाला. वर्षाकाठीं एकदां निघणारें जाड पुस्तक घडणाऱ्या गोष्टींच्या मागें पडतें, त्याजबरोबर एक हलकें, वरचेवर निघणारें पत्र हवें, ही सूचना त्याचीच. म्हणून ‘कोलोकोल’ आरंभीं ‘ध्रुवतारा’ची पुरवणी म्हणून निघालें, पण लवकरच पुरवणीनें मूळ ग्रंथास झांकून टाकलें.

घंटा हें नांव रशियन वाचकास नुसतें देवळाची आठवण देणारें नव्हतें. जुन्या नोव्गोरोद राज्यांत नागरिकांची सभा भरविण्यासाठीं एक घंटा वाजविली जाई. १४७८ त मॉस्कोच्या तिसऱ्या इवाननें तें राज्य खालसा केलें तेव्हां ती घंटाही उतरवून नेली. पत्राच्या शिरोभागीं जिवंतांस हांक मारणारे दोन लॅटिन शब्द छापलेले असत. मागण्या तीनच होत्या: लेखणी ग्रंथपरीक्षकाच्या हातून सोडवा, शेतकरी जमीनदाराच्या हातून सोडवा, कर देणारा सामान्य वर्ग फटक्यांच्या शिक्षेंतून सोडवा. या तीन कलमांत लोकसत्ता नाहीं, झारला पदच्युत करणें नाहीं, समाजसत्तावादही नाहीं. हर्झेन स्वतः समाजसत्तावादी असूनही त्यानें पत्राचा पाया इतका रुंद ठेवला कीं, सुधारणावादी सरकारी अंमलदारासही त्यावर उभें राहतां यावें. पत्राच्या यशाचें पहिलें मर्म हें, आणि पुढच्या अडचणींचें बीजही हेंच. कारण ज्या पायावर भिन्न मतांचे लोक एकत्र उभे राहतात तो पहिली मागणी पुरी होतांच दुभंगूं लागतो.

५. पत्र चालविण्याची रीत.— पत्र आरंभीं मासिक होतें. १८५८ पासून पंधरवड्यास व पुढें कांहीं काळ त्याहूनही लवकर निघूं लागलें. चोरून नेण्यास सोपें जावें म्हणून कागद पातळ वापरीत. विक्रीची व्यवस्था पॅटरनॉस्टर रो येथील निकोलस ट्रुबनर या जर्मन पुस्तकविक्रेत्याकडे होती. हेंच ट्रुबनर यांचें दुकान पुढें संस्कृत व इतर पौरस्त्य विद्यांवरील ग्रंथमालेमुळें आपल्याकडील पंडितांच्या परिचयाचें झालें. झारच्या वकिलातीच्या खटपटीनें कांहीं जर्मन राज्यांत पत्रास बंदी झाली. इंग्लंडांत मात्र कायद्यानें त्यास हात लावतां येईना.

रशियांत पत्र जाई तें बाल्टिक समुद्रावरील बंदरांतून, प्रशियाच्या सरहद्दीवरून, कॉन्स्टँटिनोपलहून ओदेसास, किंवा परदेशाहून परतणाऱ्या प्रवाशांच्या पेट्यांच्या चोरकप्प्यांतून. गेलेली प्रत एकाच्या हातीं राहत नसे. ती फिरे व तिच्या हस्तलिखित नकला होत. यास्तव खपाच्या आंकड्यावरून वाचकांची संख्या काढूं गेल्यास ती फारच थोडी निघेल.

खरें सामर्थ्य उलट दिशेनें येणाऱ्या टपालांत होतें. रशियांतून निनांवी पत्रें, गुप्त अहवालांच्या नकला, मंत्र्यांच्या समित्यांतील टिपणें, फटक्यांनीं मेलेल्या भूदासांच्या हकीकती लंडनास येऊं लागल्या. पाठविणारांत तुर्गेनेव्हसारखे लेखक, काव्हेलिनसारखे पंडित आणि खुद्द सरकारी खात्यांतील अंमलदार होते. १८५९ पासून अशा तक्रारींसाठीं ‘न्यायासनापुढें उभे करा’ या अर्थाची निराळी पुरवणी निघूं लागली. कोणत्या प्रांतांत कोणत्या अधिकाऱ्यानें काय केलें तें तींत नांवानिशीं छापीत. दूरच्या जिल्ह्यांतला लांचखाऊ अंमलदार सेंट पीटर्सबर्गला भीत नसे, पण ‘कोलोकोल’मध्यें नांव येईल या धमकीनें दचके, अशी स्थिति झाली. झार स्वतः पत्र वाची. भूदासमुक्तीचा मसुदा करणाऱ्या मंडळांतही त्याचे अंक विचारांत घेतले जात. बंदी घातलेलें पत्र बंदी घालणाराच वाचतो, कारण आपल्या राज्यांत काय चाललें आहे हें त्यास दुसऱ्या कोठें छापलेलें सांपडत नाहीं.

याच काळांत छापखान्यानें इतिहासाचीही मोठी सेवा केली. राणी दुसरी कॅथरीन हिच्या आठवणी, राजकन्या दाश्कोवा हिचें आत्मवृत्त, राद्दिश्चेव्ह याचा जप्त झालेला प्रवासग्रंथ, इतकें सर्व १८५८-५९ च्या सुमारास लंडनांत प्रसिद्ध झालें. १८२५ च्या बंडावर बॅरन कोर्फ यानें सरकारी बाजूनें ग्रंथ लिहिला, त्यास हर्झेन व ओगार्योव्ह यांनीं १८५८ त निराळा ग्रंथ छापून उत्तर दिलें. राजवाड्याच्या कपाटांत कुलुपबंद पडलेली साधनें प्रथम परक्या शहरांत उजेडांत यावीं, ही गोष्ट दफ्तरांसाठीं दारोदार हिंडलेल्या आपल्या संशोधकांस नवी वाटणार नाहीं.

६. भरभराट आणि दोन टोकांकडून आलेले आक्षेप.— २ डिसेंबर १८५७ रोजीं झारनें विल्नाचा गव्हर्नर-जनरल नाझिमोव्ह यास आज्ञापत्र धाडून भूदासमुक्तीच्या योजना करण्यास सरदारांस सांगितलें. हर्झेननें १५ फेब्रुवारी १८५८ च्या अंकांत मोकळ्या मनानें झारचें अभिनंदन केलें. सरकारचा शत्रु म्हणविणारानें सरकारच्या चांगल्या कृत्यास चांगलें म्हणावें, यानें त्याची प्रतिष्ठा वाढली.

पण याच सुमारास दोन बाजूंनीं टीका सुरू झाली. १८५८ च्या अखेरीस कायदेपंडित बोरिस चिचेरिन यानें पत्र लिहून आक्षेप घेतला कीं, तुम्ही सरकारला भडक भाषेनें चिडवितां व धिम्या सुधारणेचें नुकसान करितां. हर्झेननें तें पत्र आपल्याच अंकांत छापलें. उलट पक्षीं १ मार्च १८६० च्या अंकांत ‘एक रशियन मनुष्य’ अशा सहीचें पत्र आलें. त्याचें म्हणणें, तुमची घंटा प्रार्थनेची झाली आहे. झारच्या स्तुतीनें लोकांस झोंप लावूं नका, त्यांस कुऱ्हाडीकडे बोलवा. हर्झेननें हेंही छापलें आणि उत्तर दिलें कीं, दुसरा मार्ग आहे अशी थोडी तरी आशा उरली आहे तोंवर मी हा शब्द उच्चारणार नाहीं. त्याआधीं १८५९ त तरुण पिढीचा पुढारी चेर्निशेव्स्की हा लंडनास येऊन त्यास भेटला होता. भेट गोड झाली नाहीं.

आपल्याविरुद्ध लिहिलेलें आपणच छापावें, हा या पत्राचा नेम त्याच्या स्वातंत्र्याचें दुसरें लक्षण होय. परंतु या दोन पत्रांवरून एवढेंही दिसतें कीं, पुढें ज्या दोन वर्गांनीं पत्राचा त्याग केला त्यांची मनें पोलंडचा प्रश्न निघण्यापूर्वींच दुरावूं लागलीं होतीं.

७. भूदासमुक्ति.— ३ मार्च १८६१ रोजीं झारनें मुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही केली. हर्झेननें १० एप्रिलला आपल्या ऑर्सेट हाउस या घरीं मोठा उत्सव योजिला. घरावर रोषणाई केली, निरनिराळ्या देशांचे निर्वासित जमले. झारच्या नांवानें पेला उचलण्याचा त्याचा बेत होता. तेवढ्यांत वॉर्सा येथें दोन दिवसांपूर्वीं रशियन सैन्यानें निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडल्याची बातमी आली. छापखान्यांत बरोबरीनें राबणारे पोलिश सोबती समोर उभे असतां तो पेला उचलणें त्यास शक्य झालें नाहीं.

मुक्तीचीं कलमें पाहतां निराशा आणखी वाढली. शेतकऱ्यास दोन वर्षें पूर्वींचीच वेठ करावयाची होती. पुढें जी जमीन मिळे तिची किंमत सरकार जमीनदारास देई व शेतकऱ्याकडून एकूणपन्नास वर्षांच्या हप्त्यांनीं वसूल करी. पुष्कळ ठिकाणीं पूर्वीं कसलेल्या जमिनीचा तुकडाही कापून घेतला गेला. कझान प्रांतांतील बेझ्दना गांवीं अंतोन पेत्रोव्ह नांवाच्या साक्षर शेतकऱ्यानें खरी मुक्ति लगेच आहे असा त्या कायद्याचा अर्थ लाविला. २४ एप्रिलला तेथें गोळीबार होऊन अनेक शेतकरी मेले व पेत्रोव्हला देहांत शासन झालें. ‘कोलोकोल’नें ही हकीकत जगापुढें मांडली. ओगार्योव्हनें कलमाकलमानें फोड करून दाखविलें कीं जुन्या दास्याच्या जागीं नवें दास्य आलें आहे; आणि जुलैच्या पहिल्या अंकांत लोकांस जमीन व स्वातंत्र्य या दोन वस्तू हव्या आहेत असें लिहिलें. याच दोन शब्दांचें नांव धारण करणारी गुप्त मंडळी लवकरच रशियांत स्थापन झाली. शरद ऋतूंत विद्यापीठांत गडबड होऊन विद्यार्थी हांकलले गेले, तेव्हां तुम्ही लोकांत जा, असा सल्ला हर्झेननें त्यांस १ नोव्हेंबरच्या अंकांत दिला.

८. इ. स. १८६२ : वार्ताहरांचा नाश.— पत्राच्या उताराचें वर्ष १८६३ मानतात; परंतु घाव त्याआधींच बसला होता. १८६२ च्या उन्हाळ्यांत सेंट पीटर्सबर्ग येथें मोठ्या आगी लागल्या. त्या कोणी लावल्या हें सिद्ध झालें नाहीं, पण संशय क्रांतिकारकांवर आला आणि सुखवस्तु वाचक भ्याला. सरकारनेंही युक्ति बदलली. तोंवर हर्झेनचें नांव छापण्यास बंदी होती. आतां त्याच्याविरुद्ध लिहिण्यास मोकळीक दिली, व तिचा फायदा मॉस्कोचा संपादक मिखाईल कात्कोव्ह यानें घेतला.

जुलैमध्यें त्याहून वाईट प्रकार घडला. पावेल वेतोश्निकोव्ह हा गृहस्थ लंडनाहून रशियास निघाला. हर्झेनच्या घरीं निरोपाची मंडळी जमली, सर्वांदेखत त्याच्याजवळ पत्रें देण्यांत आलीं, आणि जमलेल्यांतून ही बातमी पोलिसांस पोंचली. सरहद्दीवर तो पकडला गेला. त्याच्याजवळील पत्रांत निकोलाय सेर्नो-सोलोव्येविच याचें नांव होतें. आणि बंद पडलेलें ‘समकालीन’ मासिक चेर्निशेव्स्कीबरोबर लंडनांत किंवा जिनिव्हांत काढण्यास आपण तयार आहों, असें एक वाक्य हर्झेननें लिहिलें होतें. १९ जुलै रोजीं दोघांसही अटक झाली. चेर्निशेव्स्कीस पुढें सक्तमजुरी व सायबेरिया. सेर्नो-सोलोव्येविच १८६६ त सायबेरियांतच वारला. लंडनच्या प्रचारकांशीं संबंध ठेवल्याबद्दल बत्तीस जणांवर खटला झाला. श्चेप्किननें नऊ वर्षांपूर्वीं वर्तविलेलें खरें झालें.

याचा परिणाम केवळ दुःखाचा नव्हता. जें पत्र वार्ताहरांच्या टपालावर जगत होतें तें टपालच आटूं लागलें. लंडनास लिहिणें म्हणजे सायबेरियास जाणें हें एकदां ठरल्यावर सरकारी दफ्तरांतून नकला कोण धाडणार?

९. पोलंड.— २२ जानेवारी १८६३ रोजीं पोलंडांत सशस्त्र उठाव झाला. तो अकालीं आहे असें हर्झेनचें मत होतें, व आदल्या शरद ऋतूंत लंडनास आलेल्या पोलिश प्रतिनिधींस त्यानें तें सांगितलेंही होतें. सायबेरियांतून पळून १८६१ च्या अखेरीस लंडनास पोंचलेला बाकुनिन मात्र उतावीळ होता व त्यानें मित्रांस ओढत नेलें. परंतु उठाव झाल्यावर हर्झेनपुढें दोनच मार्ग राहिले. मौन धरावें, म्हणजे रशियन वाचक टिकेल. किंवा जें रशियासाठीं मागितलें तें पोलंडसाठींही मागावें. त्यानें दुसरा मार्ग पत्करला, आणि रशियन सैनिकांस पोलिश लोकांवर शस्त्र धरूं नका असें सांगितलें. आंद्रेय पोतेब्न्या हा रशियन अधिकारी पोलिश बाजूनें लढतां लढतां मार्च १८६३ त मारला गेला.

रशियांत देशाभिमानाची लाट उसळली. इंग्लंड व फ्रान्स यांनीं पोलंडविषयीं खलिते पाठविल्यामुळें परकीय आक्रमणाचें भय वाटूं लागलें, आणि त्या वर्षारंभीं ‘मॉस्को वार्ता’ हें दैनिक हातीं घेतलेल्या कात्कोव्हनें त्या भयास वाचा दिली. शत्रूच्या राजधानींतून शत्रूस मदत करणारा असें हर्झेनचें चित्र उभें राहिलें. १८६३ च्या अखेरीस खप २,५०० किंवा २,००० वरून ५०० वर आला व पुनः १,००० च्या वर कधींच गेला नाहीं, असें हर्झेननें स्वतःच आपल्या आत्मवृत्तांत नमूद केलें आहे. आपला पराभव संपादकानें स्वहस्तें आंकड्यांत लिहून ठेवावा, हा पुरावा दुर्मिळ होय.

१०. कारणांचा विचार.— आतां क्रम एकत्र पाहूं. उदार जमीनदारवर्गाचा दुरावा १८५८ त, तरुणांचा १८५९-६० त दिसूं लागला. तीन मागण्यांपैकीं मुख्य मागणी १८६१ त, अपुरी कां होईना, पुरी झाली. वार्ताहर १८६२ त पकडले गेले. त्यानंतर १८६३ त पोलंडचा प्रश्न आला. आणखी एक कारण रशियांतच वाढत होतें. १८५५ नंतर तेथील पत्रांस हळूहळू अधिक बोलतां येऊं लागलें, व १८ एप्रिल १८६५ च्या कायद्यानें दोन राजधान्यांतील नियतकालिकांस छापण्यापूर्वींच्या तपासणींतून सुटण्याची सोय झाली. अर्थात् अनामत रक्कम व ताकिदींचा धाक कायम राहिला. घरच्या पत्रांत अर्धें सत्य मिळूं लागलें कीं परदेशच्या पूर्ण सत्यासाठीं धोका पत्करणारे कमी होतात. सारांश, पोलंडनें भिंत पाडली खरी. पण तिच्या पायाखालची माती तत्पूर्वींच वाहून गेली होती. हर्झेन गप्प राहिला असता तरी पत्र पूर्वस्थितीस येतें असें वाटत नाहीं; एवढें मात्र झालें असतें कीं, पोलिश हातांनीं उभारलेल्या छापखान्यांतून पोलंडविषयीं मौन छापलें गेलें असतें.

११. जिनिव्हा व शेवट.— १८६५ च्या एप्रिलांत लंडनचा शेवटचा अंक, क्रमांक १९६, निघाला; २५ मे रोजीं १९७ वा अंक जिनिव्हाहून प्रसिद्ध झाला. तेथें तरुण रशियन निर्वासित पुष्कळ जमले होते, व त्यांच्याशीं जुळल्यास पत्रास नवें रक्त मिळेल अशी आशा होती. ती व्यर्थ ठरली. पत्र सर्व निर्वासितांच्या मंडळाच्या ताब्यांत द्यावें अशी त्यांची मागणी. हर्झेन संपादकाचा हक्क सोडीना. पैशाचाही तंटा होता. बाख्मेत्येव्ह नांवाचा एक तरुण जमीनदार दूरच्या बेटांत वसाहत करण्यास जातांना २०,००० फ्रँक रशियन प्रचारकार्यासाठीं हर्झेनच्या हवालीं करून गेला होता. तो पुनः दिसला नाहीं, पण त्याच्या ठेवीवर सर्वांची दृष्टि राहिली. १६ एप्रिल १८६६ रोजीं काराकोझोव्ह यानें झारवर गोळी झाडली. हर्झेननें त्या कृत्याचा निषेध केला. उदारमतवादी त्यास आधींच सोडून गेले होते. आतां क्रांतिवाद्यांनींही सोडलें. १८६७ त अलेक्झांडर सेर्नो-सोलोव्येविच यानें, म्हणजे सायबेरियांत मेलेल्या निकोलायच्याच धाकट्या भावानें, हर्झेनविरुद्ध जळजळीत पुस्तिका छापली.

१ जुलै १८६७ रोजीं, बरोबर दहा वर्षें पुरी होतांच, २४४-२४५ हा जोडअंक काढून पत्र थांबलें. १८६८ सालीं हर्झेननें त्याच नांवाचें फ्रेंच पत्र रशियन पुरवण्यांसह चालवून पाहिलें. तें वर्षभरच चाललें. २१ जानेवारी १८७० रोजीं तो पॅरिस येथें वारला. त्याच वर्षाच्या वसंतांत नेचायेव्ह, बाकुनिन व ओगार्योव्ह यांनीं जुन्या नांवानें सहा अंक काढले. परंतु त्यांत हर्झेनचा हात नव्हता आणि त्याचा स्वरही नव्हता.

१२. उपसंहार.— पत्राचा हेतु साधला कीं फसला? तिन्ही मागण्यांपैकीं भूदासपद्धति १८६१ त गेली. १८६३ त फटक्यांच्या शिक्षेवर पुष्कळ मर्यादा पडल्या. लेखणीची तपासणी १८६५ त शिथिल झाली. या सुधारणा ‘कोलोकोल’नें केल्या असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल, पण त्या करणारांच्या मेजावर हें पत्र होतें, एवढें निश्चित. इ. स. १९१२ त लेनिननें हर्झेनच्या जन्मशताब्दीस लेख लिहून त्यास क्रांतीच्या पूर्वजांत बसविलें. पुढें १९६२ ते १९६४ या काळांत सोव्हिएत विज्ञान अकादमीनें पत्राचे सर्व अंक जसेच्या तसे पुनर्मुद्रित केले. ज्या देशांत एक प्रतही बाळगणें गुन्हा होता तेथेंच तें राजमान्य झालें. मात्र त्या राजवटींतही स्वतंत्र वृत्तपत्रास स्थान नव्हतें.

आपल्याकडे श्यामजी कृष्णवर्मा यांनीं १९०५ त लंडनहून ‘इंडियन सोशॉलॉजिस्ट’ सुरू केलें, १९०७ त ते पॅरिसला व १९१४ त जिनिव्हास गेले. त्यांच्या प्रवासाची दिशा पाहिली म्हणजे हर्झेनची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. परक्या भूमीवरील पत्रास छापण्याचें स्वातंत्र्य असतें, परंतु त्याचा श्वास मायदेशांतून येणाऱ्या टपालावर चालतो. तें टपाल भयानें थांबतें, समाधानानें थांबतें, किंवा रागानें थांबतें. ‘कोलोकोल’च्या बाबतींत ही तिन्ही कारणें पांच वर्षांच्या आंत एकामागून एक आलीं, हाच त्याच्या अस्ताचा खुलासा होय.